अणुयुद्ध झालंच तर ते चुकून होईल

हल्ली जगात कुठेही दोन देशांचं वाजलं की दोन दिवसांत कोणीतरी अणुबॉम्बचं नाव काढतंच. मग टीव्हीवर नकाशे, लाल बाण, कोणाकडे किती बॉम्ब आहेत त्याचे आकडे, आणि फिरून तोच प्रश्न, तिसरं महायुद्ध होणार का. मी या विषयावर बरीच वर्षं हाताला लागेल ते वाचत आलोय आणि जितकं वाचलं तितकं माझं एक मत पक्कं होत गेलंय, की आपण हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरतो. अमका नेता बटण दाबेल का, तो इतका माथेफिरू आहे का, एवढ्याचीच चर्चा होते. पण शांतपणे बसून, ठरवून जग संपवायला निघालेला नेता ही शक्यता मला सगळ्यात कमी वाटते. जास्त भीती वाटते ती अशा रात्रीची की जेव्हा कोणालाच युद्ध नकोय, पण कुठल्यातरी स्क्रीनवर काहीतरी चुकीचं दिसलंय आणि ते खरं की खोटं हे ठरवायला हातात दहा मिनिटंसुद्धा नाहीत.

आधी या मिनिटांचा हिशोब बघू, कारण सगळं तिथेच अडकलंय. अमेरिकेची मिनिटमन मिसाईल्स मोंटाना, नॉर्थ डकोटा, वायोमिंग अशा भागांत जमिनीखालच्या सायलोंमध्ये उभी असतात, ४०० च्या आसपास, २४ तास तयार, हुकूम मिळाला की काही मिनिटांत सुटतील अशी. रशियाचीही तशीच तयारी आहे. एका देशातून सुटलेलं मिसाईल दुसऱ्या देशात पडायला साधारण ३० मिनिटं लागतात आणि किनाऱ्याजवळ आलेल्या पाणबुडीतून सुटलं तर १०-१५. या ३० मिनिटांतून आता वजा करत जा. सॅटेलाईटला ती आग दिसायला लागणारा वेळ, रडारवर पण तेच दिसतंय का हे बघण्याचा वेळ, सेनाधिकाऱ्यांना फोनवर एकत्र आणण्याचा वेळ, राष्ट्राध्यक्ष झोपलेले असतील तर उठवून त्यांना परिस्थिती सांगण्याचा वेळ, आणि हुकूम दिलाच तर तो खालपर्यंत पोचायला लागणारा वेळ. एवढं सगळं गेल्यावर त्या एका माणसाकडे विचार करायला उरतात पाच-सात मिनिटं, कधी त्याहूनही कमी. अमेरिकेत हा हुकूम द्यायला राष्ट्राध्यक्षाला संसदेची, मंत्र्यांची, कोणाचीच संमती कायद्याने लागत नाही. आणि एकदा सुटलेलं मिसाईल परत बोलावता येत नाही, वाटेत फोडूनही टाकता येत नाही. दहाव्या मिनिटाला कळलं की अरे अलार्म खोटा होता, तरी उरलेली २० मिनिटं नुसतं बघत बसायचं.

एवढी घाई कशासाठी, तर सायलो जागचे हलत नाहीत आणि ते नेमके कुठे आहेत हे समोरच्याला माहीत असतं. त्यामुळे त्याची मिसाईल्स येऊन पडायच्या आत आपली सोडा नाहीतर ती जागेवरच संपतील, असा हा विचार आहे. कागदावर तो पटतोसुद्धा. पण त्याचा सरळ अर्थ असा होतो की पहिला बॉम्ब खरंच फुटला की नाही हे समजायच्या आधीच, फक्त एका इशाऱ्यावर विसंबून, कोट्यवधी माणसं मारायचा निर्णय घ्यायची व्यवस्था आपण माणसांनी उभी करून ठेवलीय. आणि इशारे चुकतात. ते चुकलेले आहेत.

२७ ऑक्टोबर १९६२ चं एकच उदाहरण मी सविस्तर सांगतो. सोव्हिएत युनियनने अमेरिकेच्या शेजारच्या क्युबात अण्वस्त्रं नेल्यावरून झालेला पेच ऐन भरात होता. त्याच दिवशी क्युबावर अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान पाडलं गेलं, त्यातला पायलट गेला, आणि त्याच दिवशी दुसरं एक यू-२ रस्ता चुकून सोव्हिएत हद्दीत घुसलं. आणि त्याच दिवशी समुद्राखाली बी-५९ नावाची सोव्हिएत पाणबुडी अमेरिकन युद्धनौकांनी घेरली होती. डिझेलवर चालणारी ही पाणबुडी उत्तरेच्या थंड समुद्रासाठी बनवलेली, आणि ती आलेली कॅरिबियनजवळच्या कोमट पाण्यात. बॅटऱ्या उतरत आलेल्या, आतलं तापमान ४५ अंशांच्या वर, इंजिनाजवळ त्याहूनही जास्त, हवेत कार्बन डायऑक्साईड इतका वाढलेला की माणसं चक्कर येऊन पडत होती. वरून अमेरिकन नौका सरावाचे छोटे स्फोटक गोळे टाकत होत्या, 'वर या' हे सांगायला. पण आतल्यांना ते सांगणं कसं कळणार, त्यांच्या कानावर येत होते ते फक्त स्फोट, आणि मॉस्कोशी संपर्क नव्हता. वर युद्ध सुरू झालंय की नाही हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. अमेरिकनांना माहीत नव्हतं ते वेगळंच, की या पाणबुडीत नेहमीच्या टॉर्पेडोंबरोबर एक अण्वस्त्राचा टॉर्पेडो पण आहे.

पाणबुडीवरच्या वादिम ओर्लोव्ह या अधिकाऱ्याने नंतर सांगितलंय की कॅप्टन सावित्स्कीचा संयम सुटला आणि त्याने तो टॉर्पेडो तयार करायला सांगितला, आपण मरू पण त्यांना बुडवून मरू अशा आवेशात. दुसऱ्या एका आठवणीप्रमाणे खरा बाका प्रसंग पाणबुडी वर आल्यानंतरचा आहे. अमेरिकन विमानं अगदी डोक्यावरून जात फ्लेअर आणि गोळ्या सोडत होती, कॅप्टनला वाटलं हल्ला झाला, त्याने ताबडतोब खाली डुबी मारून टॉर्पेडो तयार करायचा हुकूम दिला, पण वर सिग्नल देणारा माणूस त्याच्या दिव्यासकट त्या अरुंद तोंडात अडकला आणि खाली जायला उशीर झाला. तेवढ्या वेळात अजून वरच उभ्या असलेल्या वासिली आर्खिपोव्ह या पाणबुडीवरच्या दुसऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला दिसलं की समोरची नौका दिव्याने माफीचा संदेश देतेय. आठवणी तंतोतंत जुळत नाहीत, पण सगळ्यांत एक गोष्ट तीच आहे, की आर्खिपोव्हने कॅप्टनला थांबवलं आणि टॉर्पेडो सुटला नाही. तो सुटला असता तर समोरचा ताफा गेला असता, आणि त्या दिवसाच्या मनःस्थितीत पुढे काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

या आर्खिपोव्हबद्दलची अजून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९६१ मध्ये, तो के-१९ या अणुपाणबुडीवर होता. तिच्या रिअ‍ॅक्टरचं कूलिंग बंद पडलं, ते दुरुस्त करायला माणसं आत गेली आणि त्यातली आठ जणं तीन आठवड्यांत रेडिएशनने मेली. म्हणजे अणूने माणूस मरतो तेव्हा नेमकं काय होतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या पाणबुडीवर त्या दिवशी हे पाहिलेला माणूस होता हा निव्वळ योगायोग. आज ज्यांच्या हातात हे निर्णय आहेत त्यांच्यातल्या कोणी असं काही पाहिलंय? हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या संघटनेला, निहोन हिदान्क्योला, २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं, पण त्या माणसांचं सरासरी वय आता ८५ च्या पुढे गेलंय आणि २०२५ मध्ये हयात असलेल्यांची संख्या पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आली. सांगणारी माणसंच संपत चाललीयत.

दुसरं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल, स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह. २६ सप्टेंबर १९८३, मॉस्कोजवळ सेर्पुखोव्ह-१५ इथलं मिसाईल हल्ल्याचा इशारा देणारं सोव्हिएत कंट्रोल सेंटर, पेत्रोव्ह तिथे ड्युटीवर, मध्यरात्र उलटून गेलेली. सायरन वाजला, अमेरिकेतून एक मिसाईल सुटल्याचं स्क्रीनवर आलं, मग अजून एक, असं करत पाच. खात्रीची पातळी, सिस्टिमच्या म्हणण्याप्रमाणे, सर्वोच्च. त्याच्याच तीन आठवडे आधी सोव्हिएतांनी कोरियाचं प्रवासी विमान पाडून २६९ माणसं मारली होती, दोन्ही बाजू एकमेकांकडे दात खाऊन बघत होत्या. पेत्रोव्हच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात इंटरकॉम. त्याने वर कळवलं की हा खोटा अलार्म आहे. त्याच्याकडे पुरावा नव्हता, फक्त तर्क होता, की युद्ध सुरू करायचं तर पाच मिसाईल्सनी कोण सुरू करेल, आणि ही सिस्टिम अजून नवीन आहे, तिच्यावर इतका भरवसा ठेवण्यासारखं काही नाही. नंतर निघालं ते असं, की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश सॅटेलाईटला मिसाईलची आग वाटला होता. ऊन आणि ढग, एवढंच.

अमेरिकेकडे पण हेच झालंय. ९ नोव्हेंबर १९७९ ला सरावासाठी बनवलेला हल्ल्याचा डेटा चालू कॉम्प्युटरमध्ये गेला आणि स्क्रीनवर सोव्हिएत मिसाईल्सचा लोंढा दिसायला लागला. जून १९८० मध्ये काही सेंट किमतीच्या एका बिघडलेल्या चिपने तेच केलं. त्याच काळातल्या एका खोट्या अलार्मच्या वेळी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की यांना मध्यरात्री फोन गेला की दोन हजारांवर मिसाईल्स येतायत. त्यांनी बायकोला उठवलं नाही, कारण अर्ध्या तासात सगळेच मरणार आहेत असं त्यांना वाटलं, असं नंतर सीआयएचे प्रमुख झालेल्या रॉबर्ट गेट्स यांनी लिहून ठेवलंय. मग पुन्हा फोन आला, चूक झाली म्हणून सांगायला. मला ही गोष्ट आठवली की अजून कसंतरी होतं, तो मधला एक मिनिट त्या माणसाने कसा काढला असेल.

आणि हे फक्त शीतयुद्धातलं असंही नाही. जानेवारी १९९५ मध्ये, दोन्ही बाजूंचे संबंध बऱ्यापैकी चांगले असताना, नॉर्वेने ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करायला एक रॉकेट सोडलं. रशियाला आधी कळवलेलं होतं पण तो निरोप रडारवर बसलेल्यांपर्यंत पोचलाच नाही, आणि रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांचा हुकूम द्यायची ती ब्रीफकेस उघडली गेली. ९ मार्च २०२२ ला तर भारताचं एक मिसाईल मेंटेनन्सच्या वेळी चुकून सुटलं आणि पाकिस्तानात जाऊन पडलं. सुदैवाने कोणी मेलं नाही, चौकशी झाली, तीन अधिकाऱ्यांना नोकरीवरून काढलं. पण दोन्हीकडे अण्वस्त्रं आहेत आणि मधलं अंतर इतकं कमी आहे की ३० मिनिटांचा प्रश्नच येत नाही. हेच मिसाईल सीमेवर तणाव असलेल्या एखाद्या आठवड्यात सुटलं असतं तर?

आता यावर नेहमी एक म्हणणं येतं आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. ते असं की बाबा, भीतीमुळेच तर ८० वर्षं मोठं युद्ध झालं नाही, अण्वस्त्रांनीच शांतता ठेवलीय. यात तथ्य आहे. १९६२ मध्ये अमेरिकेचे केनेडी आणि सोव्हिएतांचे क्रुश्चेव्ह दोघंही मागे सरले त्यात भीतीचा वाटा मोठा होता. पण भीतीचा असर विचार करणाऱ्या माणसावर होतो. बिघडलेल्या चिपला भीती वाटत नाही, ढगाला वाटत नाही, चुकून सुटलेल्या मिसाईलला वाटत नाही. म्हणजे जो धोका मुळात कमी होता त्याच्यावर आपल्याकडे औषध आहे, आणि जो खरा आहे त्याच्यावर आपण आर्खिपोव्ह आणि पेत्रोव्ह यांच्या भरवशावर बसलोय. उलट भीती जितकी जास्त तितकी घाई जास्त, आणि घाई जास्त तितकी खोट्या अलार्मवर विश्वास बसायची शक्यता जास्त.

झालं तर काय होईल हे थोडक्यातच लिहितो, कारण त्यात रमणारे व्हिडिओ भरपूर आहेत आणि मला तो प्रकार आवडत नाही. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर पडलेला बॉम्ब साधारण १५ किलोटनचा होता, त्या वर्षाच्या शेवटापर्यंत सुमारे १,४०,००० माणसं गेली. शहरातले बहुतेक डॉक्टर आणि नर्सेस पहिल्याच तडाख्यात मेल्या किंवा जखमी झाल्या, त्यामुळे भाजलेल्यांकडे बघायलाही कोणी उरलं नव्हतं. आज अमेरिकेच्या पाणबुड्यांवरची मोठी वॉरहेड्स, म्हणजे मिसाईलच्या टोकावरचे बॉम्ब, ४५० किलोटनच्या घरात आहेत, म्हणजे एकेक हिरोशिमाच्या ३० पट, आणि जगात सगळी मिळून बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत, त्यातली जवळजवळ ९० टक्के अमेरिका आणि रशियाकडे.

पण स्फोटात मरतील त्यापेक्षा किती तरी जास्त माणसं नंतर मरतील, आणि ती भुकेने. शहरं जळाली की काजळी वर जाते, पाऊस ज्या उंचीवर तयार होतो त्याच्याही वर, त्यामुळे ती धुऊन निघत नाही, वर्षानुवर्षं तिथेच राहून ऊन अडवते. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने हवामान आणि पिकांची मॉडेल्स एकत्र चालवून बघितली. अमेरिका आणि रशियाचं पूर्ण युद्ध झालं तर १५ कोटी टन काजळी, पुढच्या तीन-चार वर्षांत जगातलं अन्नाचं उत्पादन सुमारे ९० टक्क्यांनी खाली, आणि ५०० कोटींपेक्षा जास्त माणसं उपाशी मरतील असा हिशोब निघाला. युद्ध भारत-पाकिस्तानपुरतं राहिलं तरी त्यातल्या मोठ्या हिशोबात जगभरात २०० कोटींहून जास्त. यातली बहुसंख्य माणसं अशा देशांतली असतील की ज्यांच्यावर एकही बॉम्ब पडलेला नाही, ज्यांचं त्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. त्यामुळे कोणी बंकर बांधण्याच्या गोष्टी करायला लागलं की मला राग येतो. दोन महिन्यांनी बंकरमधून बाहेर येऊन खाणार काय?

मग आज आपण कुठे आहोत, तर जुने करार एकेक करून गळून पडलेत. मिसाईलविरोधी यंत्रणांवरचा १९७२ चा करार अमेरिकेने २००२ मध्ये सोडला. मध्यम पल्ल्याच्या मिसाईल्सवरचा १९८७ चा करार २०१९ मध्ये संपला. न्यू स्टार्ट हा अमेरिका आणि रशियाचा करार उरला होता, त्यात दोन्हीकडची तैनात वॉरहेड्स १,५५० च्या वर जाऊ द्यायची नव्हती, आणि मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटायची ती तरतूद म्हणजे वर्षाला १८ पर्यंत तपासण्या, म्हणजे एका देशाची माणसं दुसऱ्याच्या तळावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी मोजून यायची. कोव्हिडमध्ये त्या बंद झाल्या त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत, २०२३ मध्ये रशियाने करार स्थगित केला, आणि त्याची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. चीनचा साठा या सगळ्याच्या बाहेर राहून वाढतोय. समोरच्याकडे काय आहे हे जाऊन बघायची सोय गेली की अंदाज सुरू होतात, आणि असे अंदाज नेहमी वाईटाकडेच झुकतात.

वर एआय आलंय. सगळं फास्ट करायचं, इशारा लवकर ओळखायचा, निर्णय लवकर सुचवायचा, असा सगळ्या सैन्यांचा कल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बायडेन आणि शी जिनपिंग यांनी लिमामध्ये मान्य केलं की अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाकडेच राहिला पाहिजे. चांगलं झालं, पण मला ते पुरेसं वाटत नाही. समजा निर्णय माणसाचाच आहे, पण त्याच्यापुढे मशीन ९९ टक्के खात्री म्हणून दाखवतंय आणि हातात चार मिनिटं आहेत, तर किती जण पेत्रोव्हसारखं म्हणतील की नाही, मला पटत नाही? पेत्रोव्हला त्या सिस्टिमच्या खोडी माहीत होत्या, त्यावर काम केलेला तो इंजिनिअर होता. नवीन सिस्टिम्सच्या आतलं तर बनवणाऱ्यांनाही पूर्ण सांगता येत नाही.

माझं मागणं फार मोठं नाहीये. सगळी अण्वस्त्रं उद्या नष्ट होतील असं मी धरून चाललेलो नाही, व्हावीत असं मनापासून वाटतं तरी. पण ही मिनिटं वाढवता येतात. मिनिटांचे तास करता येतात, तासांचे दिवस. वॉरहेड मिसाईलपासून वेगळं काढून ठेवायचं, नाहीतर सायलोमध्ये असं काही करायचं की सोडायच्या आधी माणसांना प्रत्यक्ष जाऊन काम करावं लागेल. मग खोटा अलार्म आला तरी तो खोटा आहे हे कळेपर्यंत काहीही सुटणार नाही. पाणबुड्या समुद्रात लपलेल्या असतातच, त्यामुळे उत्तर द्यायची ताकद कुठे जात नाही.

आणि हे झालेलं आहे. मोठ्या शत्रुत्वातूनही माणसं कुठे पोचू शकतात ते बघायचं तर १९९३ चा करार बघा, रशियाने आपल्या वॉरहेड्समधलं ५०० टन युरेनियम सौम्य करून अमेरिकेला विकलं, साधारण २०,००० बॉम्बचा माल, आणि २०१३ पर्यंत अमेरिकेतली १० टक्क्यांच्या आसपास वीज त्यावर बनत होती. ज्या बॉम्बनी ती शहरं जाळायची होती त्यांनी तिथे दिवे लावले. आणि मिनिटांचं म्हणाल तर २७ सप्टेंबर १९९१ च्या रात्री थोरले बुश टीव्हीवर आले आणि सांगितलं की सतत सज्ज ठेवलेली बॉम्बर विमानं आणि ४५० मिनिटमन-२ मिसाईल्स अलर्टवरून काढतोय. कुठला करार नाही, वर्षानुवर्षांच्या वाटाघाटी नाहीत, समोरच्याने आधी करावं अशी अटही नाही. ५ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचं उत्तर आलं, त्यांनीही पाचशेवर मिसाईल्स अलर्टवरून उतरवली. सगळं मिळून आठ दिवस लागले.